विसरण्याचा हुकूम आणि गीझ घराणे

१८ मार्च १५६३ रोजी पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात पोल्त्रो द मेरे नावाच्या एका किरकोळ सरदाराला चार घोड्यांना बांधून मारण्यात आले. फ्रान्सचा सर्वांत नावाजलेला सेनापती, गीझचा ड्यूक फ्रान्स्वा, ऑर्लेआंच्या वेढ्यातून संध्याकाळी मुक्कामावर परतत असताना याने दबा धरून त्याच्यावर मागून गोळी झाडली होती. सहा दिवसांनी ड्यूक मेला. आणि पोल्त्रोच्या देहदंडाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ मार्चला, आंब्वाजचे शांततेचे फर्मान निघाले. वर्षभराच्या यादवीत कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांचे आणि प्रोटेस्टंटांनी कॅथलिकांचे जे काही वाईट केले ते सारे मेले, पुरले गेले, घडलेच नाही असे धरावे, असा त्यात हुकूम होता. राजा शार्ल नववा तेव्हा १२ वर्षांचा. हुकूम अर्थात त्याच्या आईचा, कॅथरिन द मेदिचीचा. आपल्या भाषेत सांगायचे तर, झाले गेले गंगेला मिळाले.

दंगल, यादवी, कत्तल यांच्यानंतर हा सल्ला प्रत्येक देशात आणि प्रत्येक शतकात दिला गेला आहे. जुने उकरून काढू नका, जखमा चिघळतील, पुढे पाहा. असे सांगणारे सगळेच लबाड नसतात. कॅथरिनही या बाबतीत लबाड नव्हती. तिला खरोखरच युद्ध नको होते. या सल्ल्याच्या बाजूने जो दाखला हमखास पुढे केला जातो तोही फ्रान्सचाच: १५९८ मध्ये नांतचे फर्मान निघाले, त्याच्या पहिल्याच कलमात सर्वांनी झालेले विसरावे असे म्हटले होते, आणि १५६२ पासून चाललेली धर्मयुद्धे संपली. दाखला खोटा नाही, पण अर्धा आहे. विसरण्याचा हुकूम फ्रान्सने १५६३ पासून प्रत्येक तहात काढला आणि दर वेळी तो मोडला. का मोडला, हे पाहायचे तर गीझ घराण्याकडे पाहावे. या खटल्यात हे घराणे आरोपीही होते आणि फिर्यादीही.

गीझ मुळात फ्रान्सचेच नव्हेत, हे त्यांच्या शत्रूंचे लाडके वाक्य. लोरेन ही फ्रान्स आणि जर्मन साम्राज्य यांच्या सीमेवरची वेगळी डची. तिथल्या ड्यूकचा धाकटा मुलगा क्लोद फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत आला, १५१५ मध्ये मारिन्यानोच्या लढाईत अंगाची चाळण होऊनही जगला आणि पुढे गीझचा ड्यूक झाला. धाकट्या पातीला गादी नसते. तिला स्वतःचे वतन कमवावे लागते. या घराण्याने ते ज्या झपाट्याने कमावले त्याला तोड नाही. क्लोदचा थोरला मुलगा फ्रान्स्वा तलवारीचा. त्याने १५५२ च्या हिवाळ्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेपुढे मेत्स शहर राखले, आणि १३४७ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेले कॅले बंदर जानेवारी १५५८ मध्ये परत घेतले. दुसरा मुलगा शार्ल, लोरेनचा कार्डिनल, धर्मपीठाचा. तो रँसचा आर्चबिशप होता, आणि राज्याभिषेकात राजाला पवित्र तेल लावण्याचा मान रँसच्या आर्चबिशपचा. ऑन्री दुसरा, फ्रान्स्वा दुसरा आणि शार्ल नववा या तिघांनाही याच माणसाने अभिषेक केला. म्हणजे राजाची लढाई एक भाऊ लढणार, आणि राजाला राजेपण देणारे तेल दुसरा भाऊ लावणार.

त्यांची बहीण मारी स्कॉटलंडच्या राजाला दिलेली. तिची मुलगी मेरी स्टुअर्ट १५५८ मध्ये फ्रान्सच्या युवराजाची बायको झाली. पुढच्याच वर्षी ऑन्री दुसरा भाल्यांच्या झुंजीत जखमी होऊन मेला, १५ वर्षांचा फ्रान्स्वा दुसरा गादीवर आला, आणि राज्य त्याच्या मामेसासऱ्यांच्या हाती गेले. दीड वर्षात तो मुलगाही वारला आणि सत्ता निसटली. पण तेवढ्या दीड वर्षात ज्यांना दरबारातून बाजूला सारले गेले त्यांच्यातले अनेक बडे सरदार प्रोटेस्टंट पक्षाकडे, म्हणजे ह्यूगेनॉटांकडे, झुकले. बूर्बाँ घराण्याचा राजपुत्र काँदे त्यांत होता. पुढे अॅडमिरल कोलिन्यीही त्याच पक्षाचा पुढारी झाला.

हे घराणे धर्मवेडे होते की धर्माचे नाव घेऊन सत्तेमागे धावणारे होते, यावर चारशे वर्षे वाद चालला आहे. मला तो वाद आता फारसा उपयोगाचा वाटत नाही. माणसे एकाच वेळी श्रद्धाळू आणि महत्त्वाकांक्षी असू शकतात. राजकारणातली बहुतेक असतातच. शिवाय गीझांची धर्मभूमिका त्यांच्या शत्रूंनी रंगवली तितकी दगडी नव्हती. मार्च १५६० मध्ये राजाला गीझांच्या हातून काढून घेऊ पाहणाऱ्या आंब्वाजच्या कटवाल्यांना त्यांनी किल्ल्याच्या सज्जांवरून लटकवले, पण त्याच महिन्यात शांतपणे राहणाऱ्या पाखंड्यांना माफी देणारे फर्मानही त्यांच्याच कारभारात निघाले. १५६१ मध्ये प्वासीच्या धर्मचर्चेत कार्डिनल शार्ल जिनीव्हाहून आलेल्या प्रोटेस्टंट धर्मपंडित बेझाशी समोरासमोर वाद घालत होता. १५६२ च्या फेब्रुवारीत दोघे भाऊ व्युर्टेंबर्गच्या लूथरपंथी ड्यूकला भेटून लूथरपंथीयांशी काही जुळते का याची चाचपणी करत होते. मनात काय होते देव जाणे, पण बोलणी झाली. सांगायचे एवढेच, की धर्माच्या प्रश्नावर हे लोक सरकत होते, मागेपुढे होत होते. १५६३ नंतर जे जराही सरकले नाही ते दुसरेच काहीतरी होते, आणि त्याची सुरुवात व्हासीपासून झाली.

व्हासी हे शांपान्य प्रांतातले छोटे गाव, गीझांच्या ज्वांव्हीलच्या गढीपासून जवळच. १ मार्च १५६२, रविवार. व्युर्टेंबर्गच्या भेटीहून आलेला ड्यूक फ्रान्स्वा आपल्या हत्यारबंद लवाजम्यासह दरबाराकडे निघालेला. गावातल्या एका कोठारात ह्यूगेनॉटांची प्रार्थना चालू होती. जानेवारीतच निघालेल्या फर्मानाने त्यांना प्रार्थनेची मुभा दिली होती, पण तटबंदीच्या शहराबाहेर. कोठार तटाच्या आत होते, त्यामुळे प्रार्थना बेकायदा होती असे ड्यूकची बाजू म्हणते. आधी दगड कुणी मारला, आधी बंदूक कुणी झाडली, याच्या दोन कहाण्या आहेत आणि त्या कधीच जुळणार नाहीत. शेवट मात्र दोन्हींत सारखाच: सुमारे ५० माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. कारागीर, दुकानदार, त्यांच्या बायका. ड्यूकला मरणशय्येवरही याची टोचणी होती असे दिसते. आपला तसा हेतू नव्हता, असे त्याने शेवटच्या दिवसांत सांगितल्याचे नोंदले गेले आहे.

पण हेतू होता की नव्हता हे ठरवण्याची जी एक जागा असते, तिथे हे प्रकरण गेलेच नाही. दोन आठवड्यांनी ड्यूक पॅरिसमध्ये शिरला तेव्हा लोकांनी त्याचा जयजयकार केला. काँदेने शस्त्र उचलले, ऑर्लेआं घेतले, आणि पहिले धर्मयुद्ध सुरू झाले. वर्षाने आंब्वाजचे फर्मान आले आणि त्याने जे जे पुरले त्यात व्हासीही पुरली गेली. विसरण्याच्या हुकमाचा पहिला मोठा लाभार्थी गीझ घराणे होते, ही गोष्ट गीझांबद्दल सहानुभूती बाळगणारे लेखक सहसा सांगत नाहीत.

आता दुसरी बाजू. ड्यूक फ्रान्स्वाच्या खुनाचे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे, कारण १५७२ ची कत्तल आणि १५८८ चा खून या दोन्हींकडे जाणारी वाट इथूनच फुटते. पोल्त्रोने यातनांखाली सांगितले की अॅडमिरल कोलिन्यीने आपल्याला पैसे देऊन पाठवले. मग जबानी फिरवली, मग पुन्हा तीच दिली. यातना देऊन काढलेल्या जबानीची किंमत जितकी असते तितकीच. कोलिन्यीने छापील उत्तर दिले: होय, मी या माणसाला पैसे दिले होते, पण हेरगिरीसाठी, खुनाचा आदेश मी दिलेला नाही. इथवर ठीक. पण हा सरळ आणि ताठ माणूस पुढे असेही लिहून बसला की ड्यूकचे मरण ही या राज्याच्या, देवाच्या चर्चच्या आणि विशेषतः माझ्या व माझ्या घराण्याच्या दृष्टीने झालेली सर्वांत मोठी भली गोष्ट आहे. निर्दोष माणसाने स्वतःचे इतके नुकसान करून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

मात्र त्याच कोलिन्यीने आणखी एक गोष्ट केली होती, आणि ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती. त्याने कॅथरिनला कळवले की पोल्त्रोला मारू नका, जिवंत ठेवा, म्हणजे तह झाल्यावर मला त्याच्यासमोर उभे राहून खरे-खोटे करता येईल. आरोपी स्वतः उलटतपासणी मागत होता. पोल्त्रोला तहाच्या आदल्या दिवशी मारले गेले. एकमेव साक्षीदार गेला आणि दुसऱ्या दिवशी सर्वांना विसरायला सांगण्यात आले.

सप्टेंबर १५६३ मध्ये गीझांचे सारे घराणे काळी सुतकी वस्त्रे घालून राजापुढे गेले: ड्यूकची म्हातारी आई आंत्वानेत, विधवा आना देस्ते, मुले, भाऊबंद. मागणी एकच, कोलिन्यीवर खटला चालवा. कोलिन्यीच्या बाजूचे म्हणू लागले की आंब्वाजच्या फर्मानाने तो विषय संपला आहे, आणि शिवाय पॅरिसचे उच्च न्यायालय, म्हणजे तिथले पार्लमाँ, कॅथलिक पक्षाचे असल्यामुळे तिथे आम्हाला न्याय मिळणार नाही. दोन्ही म्हणणी बिनबुडाची नव्हती. मग कॅथरिनने ते केले जे पेचात सापडलेली सरकारे नेहमी करतात. प्रकरण राजाने स्वतःकडे घेतले आणि निर्णय तीन वर्षांसाठी पुढे ढकलला. जानेवारी १५६६ मध्ये मूलँ इथे दरबार भरला, कोलिन्यीने शपथेवर सांगितले की खुनात माझा हात नाही, राजाच्या मंडळाने त्याला निर्दोष ठरवले, आणि विधवा व कार्डिनल शार्ल यांना त्याला आलिंगन देण्यास लावले. नवा ड्यूक, फ्रान्स्वाचा मुलगा ऑन्री, तेव्हा १५ वर्षांचा होता. त्याने हा समेट आपला मानला नाही.

साक्षीदार नाही, पुरावा तपासला नाही, उलटतपासणी नाही. शपथ आणि गळाभेट. याला न्याय म्हणत नाहीत, आणि ही क्षमाही नव्हती, कारण क्षमा करणाऱ्याला ती नाकारण्याची मोकळीक असावी लागते. माझ्या मते कोलिन्यी बहुधा निर्दोष होता. म्हणूनच खटला न चालवणे हा गीझांपेक्षा त्याच्यावरचा मोठा अन्याय ठरला. न्यायालयातून सुटलेला माणूस आणि दरबारी मिठीत सुटलेला माणूस यांच्यात जो फरक असतो, त्याची किंमत त्याने सहा वर्षांनी चुकवली.

२२ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्याकडून घरी जाणाऱ्या कोलिन्यीवर मोरव्हेर नावाच्या मारेकऱ्याने बंदूक झाडली. ज्या घराच्या खिडकीतून गोळी आली ते गीझांच्या माणसाचे होते. चारच दिवसांपूर्वी ह्यूगेनॉट पक्षाचा नावारचा राजा ऑन्री आणि राजाची बहीण मार्गरीत यांचे लग्न झालेले, त्यामुळे सारे ह्यूगेनॉट सरदार शहरातच. गोळी कुणाच्या सांगण्यावरून सुटली यावर इतिहासकार आजही भांडतात. पण पुढे काय झाले ते स्पष्ट आहे. कोलिन्यी जखमी झाला, मेला नाही. ह्यूगेनॉट सरदारांनी न्याय मागितला, राजाने जखमीच्या बिछान्याशी बसून न्यायाची शपथ घेतली, आणि तो दिलाच तर काय होईल या भीतीने दरबाराने २३ च्या रात्री पुढाऱ्यांना संपवण्याचे ठरवले. पहाटे ऑन्री द गीझ माणसे घेऊन कोलिन्यीच्या बिऱ्हाडी गेला; कोलिन्यीला मारून त्याचे प्रेत खिडकीतून खाली फेकले गेले. मग शहराचा तोल गेला. सेंट बार्थोलोम्यूच्या त्या कत्तलीत पॅरिसमध्येच दोन ते तीन हजार माणसे मेली. गंमत अशी की (गंमत हा शब्द इथे कडवटच आहे) ऑन्री द गीझने आपला माणूस टिपल्यावर स्वतःच्या वाड्यात काही ह्यूगेनॉटांना आसरा दिल्याचे समकालीन लोक सांगतात. त्याचे वैर ठरावीक माणसाशी होते. पॅरिसच्या जमावाचे तसे नव्हते.

त्या दिवशी राजाने प्रांतांत जी पहिली पत्रे पाठवली त्यांत म्हटले होते की हा गीझ आणि कोलिन्यीचे शातियाँ या दोन घराण्यांच्या जुन्या वैराचा परिणाम आहे. दोन दिवसांनी पार्लमाँपुढे बसून त्याने सांगितले की जे झाले ते माझ्या आदेशाने झाले. मला यात पहिले विधान जास्त लाजिरवाणे वाटते. राज्यकर्त्याने जाहीर कबुली दिली होती की राजधानीत दोन घराणी एकमेकांचा हिशेब करत होती आणि राजा बघत होता. नऊ वर्षांपूर्वी तो हिशेब न्यायालयात होऊ दिला नव्हता, हे त्या पत्रांत अर्थातच नव्हते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. एकदा तरी फ्रान्सने नुसते विसरण्याऐवजी आठवायचेही ठरवून पाहिले होते. मे १५७६ च्या बोलियूच्या फर्मानात नवा राजा ऑन्री तिसरा याने सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीबद्दल खेद व्यक्त केला, कोलिन्यीवरचे निवाडे रद्द केले, मारल्या गेलेल्यांच्या विधवा-मुलांना करमाफी दिली आणि दोन्ही पंथांचे न्यायाधीश असलेली खास न्यायपीठे कबूल केली. परिणाम काय झाला? पेरोन शहरात कॅथलिक सरदारांनी लीग, म्हणजे आपली आघाडी, उभारली आणि वर्षाच्या आत युद्ध पुन्हा सुरू झाले. मग आठवण काढल्याने शांतता येते कुठे?

आक्षेपात दम आहे. पण ते फर्मान बळीच्या बाजूने ऐकून घेऊन निघालेले नव्हते. राजाच्या धाकट्या भावाने आणि जर्मन भाडोत्री फौजेने दरबाराच्या गळ्याला नख लावून ते काढून घेतले होते. कॅथलिकांच्या नजरेत ते पराभवाचे कागद होते, आणि न्यायपीठे प्रत्यक्षात बसण्याआधीच ते रद्द झाले. कबुली सक्तीची, अंमलबजावणी शून्य. १५६३ मध्ये शांततेच्या नावाखाली न्याय टाळला गेला. १५७६ मध्ये न्यायाच्या नावाखाली तहाची अट सही करून घेतली गेली. दोन्ही वेळा खटला चालला नाही. एक चांगली गोष्ट मात्र त्या कागदांत उरली, मिश्र न्यायपीठांची कल्पना. ती पुढे कामी आली.

लीगचा खरा उठाव १५८४ नंतरचा. राजाचा धाकटा भाऊ जूनमध्ये मेला, राजाला मूल नव्हते, आणि वारसा ह्यूगेनॉट असलेल्या नावारच्या ऑन्रीकडे जात होता. वर्षअखेर ३१ डिसेंबरला ज्वांव्हीलच्या गढीत गीझांनी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपशी करार केला. फिलिपने महिन्याला ५०,००० एक्यू, म्हणजे सोन्याची नाणी, देण्याचे मान्य केले. हाच फिलिप तेव्हा पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोवा, वसई आणि चौल इथला कारभारही त्याच्याच नावाने चाले. परक्या राजाचा पैसा, पॅरिसच्या व्यासपीठांवरून गर्जणारे धर्मोपदेशक, ड्यूकची बहीण मोंपांसिएची डचेस हिच्या कमरेची सोनेरी कात्री (राजाला मठात टाकून त्याचे मुंडण करायला म्हणे), आणि फेब्रुवारी १५८७ मध्ये इंग्लंडात शिरच्छेद झालेल्या मेरी स्टुअर्टचे हौतात्म्य, भाची गीझांचीच. या सगळ्याने ऑन्री द गीझ पॅरिसचा अनभिषिक्त राजा झाला. १२ मे १५८८ ला शहराने रस्त्यांत पिंपे आणि साखळ्या लावून राजाच्या फौजेला कोंडले, तेव्हा राजा पळून गेला आणि राजाच्या शिपायांना जमावाच्या हातून सोडवायला हातात छडी घेऊन गीझ गेला.

एवढ्या माणसावर राजद्रोहाचा खटला चालवायला पुरावा कमी नव्हता. स्पेनचा करार एकटा पुरेसा होता. ऑन्री तिसऱ्याने दुसरा मार्ग घेतला. २३ डिसेंबर १५८८ च्या सकाळी ब्ल्वाच्या किल्ल्यात, राज्याची सभा भरलेली असतानाच, त्याने ड्यूकला आपल्या दालनाकडे बोलावले आणि खास अंगरक्षकांकरवी खंजिरांनी मारले. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ कार्डिनल लुई. प्रेते जाळली, कारण अवशेष उरले असते तर त्यांची पूजा झाली असती. राजाचे समर्थक म्हणाले की सर्व न्यायाचा उगम राजा आहे, तेव्हा राजाने दिलेला मृत्यू हा खून नसून निकाल आहे. हा युक्तिवाद मी जितका वाचतो तितका मला तो ग्रेव्ह चौकातल्या घाईची आठवण करून देतो. पंचवीस वर्षांपूर्वी राज्याने खुनाचा खटला दाबला. आता राज्यच खुनी झाले होते.

पुढचे सारे अपेक्षित होते. ड्यूकची विधवा कातरीन द क्लेव्ह पॅरिसच्या पार्लमाँपुढे गेली आणि लीगच्या ताब्यातल्या त्या न्यायालयाने खुद्द राजाविरुद्ध चौकशी उघडली. सॉर्बोनच्या धर्मपंडितांनी प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. १ ऑगस्ट १५८९ रोजी झाक क्लेमाँ या तरुण साधूने ऑन्री तिसऱ्याला सुरा मारला. आणि मग पक्षाचा सुरा पक्षाकडेच वळला. पॅरिस चालवणाऱ्या लीगच्या ‘सोळा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळाने नोव्हेंबर १५९१ मध्ये पार्लमाँचा अध्यक्ष बार्नाबे ब्रिसाँ याला फासावर दिले. तो लीगचाच माणूस, दोष एवढाच की पुरेसा कडवा नव्हता. तेव्हा मृत ड्यूकचा भाऊ मायेन, लीगचा सेनापती, धावत आला आणि त्याने त्या मंडळातल्या चौघांना लटकवले. गीझांच्या नावाने पेटवलेली आग विझवण्याचे काम अखेर गीझांनाच करावे लागले.

आता नांतकडे येऊ. नावारच्या ऑन्रीने जुलै १५९३ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला, मार्च १५९४ मध्ये तो पॅरिसमध्ये शिरला, आणि १५९८ मध्ये ते प्रसिद्ध फर्मान निघाले. लोक थकले होते, स्पेनवरचा विश्वास उडाला होता, राजा हुशार आणि लढाऊ होता. यशाची ही कारणे मी नाकारत नाही. पण पहिले कलम वाचून पुस्तक मिटणाऱ्यांनी पुढेही वाचावे. विसरण्यातून काही गुन्हे त्या फर्मानाने उघडपणे वगळले होते: स्त्रियांवरचे बलात्कार, जाळपोळ, आणि युद्धाच्या कारणाशिवाय खाजगी सूडापोटी दगा देऊन किंवा दबा धरून केलेले खून. युद्धात युद्ध म्हणून जे झाले ते विसरा. युद्धाच्या आडून जे केले त्यासाठी न्यायालय खुले आहे. आणि ते न्यायालय कोणते? कास्त्र, बोर्दो आणि ग्रनोब्ल इथे निम्मे कॅथलिक, निम्मे प्रोटेस्टंट न्यायाधीश असलेली पीठे, आणि पॅरिसच्या पार्लमाँत एक खास दालन. १५६३ मध्ये कोलिन्यीच्या बाजूचे ज्या न्यायालयावर विश्वास नाही म्हणत होते त्याला दिलेले हे ३५ वर्षे उशिराचे उत्तर होते. पार्लमाँने ते नोंदवून घ्यायला १५९९ चा फेब्रुवारी उजाडला, तोही राजाने न्यायाधीशांना बोलावून खडसावल्यावर.

तरीही नांत म्हणजे न्यायाचा विजय, असे मी म्हणणार नाही. लीगच्या बड्यांना राजाने विकत घेतले. मंत्री सुलीच्या हिशेबात ही रक्कम तीन कोटी लिव्रच्या वर जाते. मायेनला तीन शहरे सहा वर्षांसाठी तारण म्हणून मिळाली आणि त्याची कर्जे राजाने उचलली. ऑन्री तिसऱ्याची विधवा लुईज, जन्माने लोरेन घराण्याचीच, आपल्या नवऱ्याच्या खुनाबद्दल न्याय मागत राहिली. मायेनशी झालेल्या तहाने लीगच्या राजपुत्रांचा त्यात हात नाही असे ठरवून टाकले. म्हणजे पुन्हा एकदा वरच्यांचे प्रकरण दरबारात मिटले. व्हासीच्या कोठारातल्या माणसांचे तर कधी कुठे उघडलेच नव्हते. ड्यूकच्या रक्ताचा दावा २५ वर्षे चालला, कारण तो चालवायला फौज, कार्डिनल आणि स्पेनचा पैसा होता. व्हासीच्या कारागिरांच्या रक्ताची नोंद त्यांच्या पंथाच्या हुतात्म्यांच्या यादीत झाली, बस्स. विसरण्याचा हुकूम सर्वांना सारखा लागू होतो असे वाटते, पण सूड घेण्याची ऐपत असलेला तो मोडतो आणि ती नसलेला तो पाळतो. सरकारे पहिल्याची मनधरणी करतात आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याला समेट म्हणतात.

कॅथरिनच्या बाजूने सांगायचे तर, १५६३ मध्ये तिच्या हाती काय होते? रिकामा खजिना, अल्पवयीन मुलगा, दोन्हीकडे हत्यारबंद सरदार. कोलिन्यीवर खटला चालवला असता तर ह्यूगेनॉट पुन्हा उठले असते, हे तिचे भय खरे होते. पण मग व्हासीचाही खटला त्याच पीठापुढे चालवता आला असता. दोन्ही पंथांचे न्यायाधीश, पोल्त्रो जिवंत, गीझ एका प्रकरणात फिर्यादी आणि दुसऱ्यात जाब देणारे. तिने तो धोका पत्करला नाही, आणि त्याच्या बदल्यात जी शांतता मिळवली ती सप्टेंबर १५६७ मध्ये संपली, जेव्हा ह्यूगेनॉट सरदार कार्डिनल शार्लच्या तावडीतून राजाला सोडवतो म्हणत मो शहरावर चालून गेले.